देवडीतली बोलकी चौकट: कात्रजच्या पाण्याची गोष्ट कानाशी आणणारी मांडणी कशी उभारावी

इथे बनवायची आहे ती वाड्याच्या देवडीत उभी राहणारी, २४० सेंटिमीटर लांब आणि २१० सेंटिमीटर उंच चौकट. तिच्यावर तांब्याच्या मठारलेल्या (हातोडीनं ठोकून खळग्या पाडलेल्या) चार चकत्या आणि चार पितळी कर्णे. चकतीवर हात ठेवला की जवळच्या कर्ण्यातून हळू आवाजात गोष्ट सुरू होते. गोष्टी कात्रजहून पुण्यात येणाऱ्या पेशवेकालीन पाण्याच्या: पहिली कात्रजच्या तळ्याची, दुसरी जमिनीखालच्या नळाची, तिसरी उच्छ्वासाची (नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या बांधकामाची), चौथी पेठेतल्या हौदाची. चारही चकत्यांवर एकाच वेळी हात असले तरच पाचवी गोष्ट उघडते, आणि ती चारही कर्ण्यांतून ऐकू येते. चकत्या ६० सेंटिमीटर अंतरावर असल्याने एकट्या माणसाचे हात दोनांपर्यंतच पोचतात, म्हणजे शेजारच्या अनोळखी माणसाला हाक मारावीच लागते. सगळी मांडणी या एका गोष्टीसाठी आहे. बाकी सेन्सर, दिवे, प्रोग्रॅम हे तिच्या सेवेला.

पुण्याला हा प्रकार अगदीच परका नाही. गणेशोत्सवातल्या हलत्या आणि जिवंत देखाव्यांनी इथल्या माणसाला रस्त्यावर थांबून गोष्ट ऐकायची सवय लावली आहे. फरक इतकाच की देखावा सुरू होतो तो मंडळाच्या वेळेवर, आणि ही चौकट सुरू होते ती येणाऱ्याच्या हातानं. तुमच्या पेठेतल्या मंडळात देखावे उभारणारे सुतार आणि वायरमन असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. गर्दीत काय तुटतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

जागा

देवडी निवडायची कारणं व्यवहाराची आहेत. वर छप्पर असतं, दोन्ही बाजूंना ओटे असतात, दिंडी दरवाजातून आत येणारा माणूस वाकल्यामुळे आपोआप सावकाश होतो आणि रस्त्याचा आवाज निम्मा तरी बाहेरच राहतो. जागा ठरवण्याआधी संध्याकाळी सहा ते आठ तिथे बसून ऐका. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी साध्या आवाजात बोलता आलं तर कर्णा चालेल. ओरडावं लागलं तर जागा बदला, कारण आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. कानाला लावायचा कर्णा या मर्यादेत आरामात बसतो, उघडा स्पीकर बसत नाही.

चौकटीसमोर किमान १५० सेंटिमीटर मोकळी वाट ठेवा. वाडा राहता असेल तर दुचाकी, व्हीलचेअर, आणि वेळ आली तर स्ट्रेचर तिथूनच जाणार.

जुन्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही, मग मालकाची कितीही परवानगी असो. चुना-विटांच्या भिंतीत मारलेला फास्टनर आजूबाजूचा गिलावा सैल करतो, आणि पावसाळ्यात तिथूनच ओल उतरते. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर हेरिटेज विभागाचं लेखी पत्र घ्या. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित असतं, म्हणून तिथे चौकट तात्पुरती, पाया न खोदता ठेवायची असली तरी आधी विचारून घ्या.

गोष्ट आधी, तारा नंतर

वस्तू विकत घेण्याआधी पाचही संहिता लिहून, उभं राहून मोठ्यानं वाचा. मराठीत सावकाश सांगितलेल्या ३० सेकंदांत साधारण ६० शब्द बसतात. त्याहून लांब गोष्ट उभ्यानं, कान टेकवून कुणी ऐकत नाही. नमनाला घडाभर तेल इथे अजिबात चालत नाही: पहिल्या चार सेकंदांत ऐकणाऱ्याला तो कुठे उभा आहे हे कळलं पाहिजे. ‘कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधण्यात आला’ ही सुरुवात फलकावर ठीक आहे. कर्ण्यात ‘तुमच्या पायाखालून पाणी जायचं. पंप नव्हता, नुसता उतार होता’ अशी सुरुवात माणसाला धरून ठेवते.

मजकूर पुरेसा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून बांधीव नळानं, केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं गेलं. वाटेवर ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले. त्यांतून अडकलेली हवा निघून जाई आणि नळात उतरून गाळ काढता येई. पाणी शनिवारवाड्यात जाई आणि पेठांतल्या सार्वजनिक हौदांतही पडे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही पत्त्यांत जिवंत आहेत. उच्छ्वासाच्या गोष्टीत आधी दोन सेकंद हवा सुटल्याचा आवाज आणि मगच बोलणं ठेवा. या एका गोष्टीला आवाजाची भर लागते, बाकीच्या तीन साध्या बोलण्यावर उभ्या राहतात.

पाचवी गोष्ट १२ जुलै १९६१ ची. पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. चार गोष्टी माणसांनी आणलेल्या पाण्याच्या, पाचवी न बोलावता आलेल्या पाण्याची, म्हणून ती चार हातांच्या मागे ठेवायची. ही शक्यतो पूर पाहिलेल्या ज्येष्ठाच्याच आवाजात असावी. ध्वनिमुद्रण त्यांच्या घरी, पंखा बंद करून, गाद्या-रजया असलेल्या खोलीत करा. आवाज सार्वजनिक ठिकाणी वाजणार आहे याची लेखी संमती घ्या आणि संपादन झाल्यावर त्यांना ऐकवा. निवेदकानं पुन्हा वाचलेली आठवण कानाला लगेच ओळखू येते.

चौकट

सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाड लोखंडी चौकोनी पाइपचा, दर्शनी बाजू १२ मिलिमीटर मरीन प्लायची. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, स्क्रू-बिजागऱ्या रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. पाइपला रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन मगच रंग लावा.

भिंतीला बांधायचं नाही, म्हणजे चौकट स्वतःच्या वजनावर उभी राहणार. मुलं कर्ण्याला लोंबकळणार हे धरूनच चला. ३० किलोची ओढ १८० सेंटिमीटर उंचीवर बसली तर पायथ्याशी ५४ किलोग्रॅम-मीटरचा उलथवणारा जोर येतो, दीडपट सुरक्षा धरली तर ८१. पाया पुढून मागे ९० सेंटिमीटर ठेवला तर मधोमध असलेलं वजन कडेपासून ४५ सेंटिमीटरवर येतं. ८१ भागिले ०.४५ म्हणजे १८० किलो. सांगाडा आणि प्लाय मिळून साधारण ६० किलो भरतात, उरलेले १२० किलो वाळूच्या पोत्यांचे, पायाच्या झाकलेल्या खणात. हेच पाया ४५ सेंटिमीटरचा केला तर वजन दुप्पट लागतं, आणि तेवढं कुणी ठेवत नाही. मग चौकट पुढे झुकते.

उघड्या चौकात ही चौकट नेऊ नका. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्याचा ताशी ६० किलोमीटरचा झोत पाच चौरस मीटरच्या सपाट फळीवर शंभर किलोच्या वर रेटा देतो, आणि नुसता तोल राखायला सुमारे अडीचशे किलो लागतात. चौकातच मांडायचं असेल तर फळीऐवजी उभ्या पट्ट्यांची जाळी करा, म्हणजे वारा आरपार जाईल.

चकती आणि कर्णा

तांब्याच्या चकत्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मठारून घ्या. व्यास १२ सेंटिमीटर, पत्रा १ मिलिमीटर. ठोक्यांच्या खळग्या नुसत्या शोभेसाठी नाहीत. सपाट पत्र्याकडे माणूस पाहतो, मठारलेल्या पत्र्यावर हात फिरवतो, आणि आपल्याला हातच हवा आहे. कडा आत वळवून गुळगुळीत करून घ्या. घामानं तांबं काळवंडतं, पण त्यानं काम बिघडत नाही. पातळ लॅकरचा एक हात दिला तरी स्पर्श ओळखला जातो.

चकत्यांची मधली रेघ जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर, डावीकडून ३०, ९०, १५० आणि २१० सेंटिमीटर अंतरावर. चकती लोखंडी पाइपपासून किमान दोन बोटं दूर ठेवा. अर्थिंग केलेलं लोखंड जवळ आलं की स्पर्शाची जाणीव मंदावते. मागून तार जोडताना डाग देत (सोल्डर करत) बसू नका, एवढं तांबं उष्णता शोषून घेतं आणि सांधा कच्चा राहतो. कडेला भोक पाडून पितळी स्क्रू आणि लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावा. तार २० सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

कर्ण्यांपैकी दोन १४५ सेंटिमीटरवर, दोन ११० वर. खालचे मुलांसाठी आणि व्हीलचेअरवरच्या माणसासाठी, आणि ते एका टोकाला ढकलायचे नाहीत: एक आड एक लावा. आतली नळी ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपची, मागच्या टोकाला ४ ओहमचा ३ वॉटचा स्पीकर. नळीची लांबी इथे फार महत्त्वाची आहे. ६० सेंटिमीटरची नळी १४३ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि पुन्हा ४३० च्या जवळ, म्हणजे नेमकी माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. बोलणं मडक्यातून आल्यासारखं होतं. नळी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, स्पीकरसमोर मूठभर पॉलिएस्टर कापूस सैल भरा, आणि तरीही घुमत असेल तर ध्वनिफितीत २५० ते ३०० हर्ट्झचा भाग थोडा कमी करा. कर्ण्याचं तोंड १० सेंटिमीटर रुंद ठेवलं की कान न टेकवताही नीट ऐकू येतं. आतून बारीक जाळी लावा, नाहीतर आठवड्याभरात आत तिकिटं आणि शेंगदाणे सापडतील.

इलेक्ट्रॉनिक्स

सगळं एका मेंदूवर टांगू नका. प्रत्येक चकतीमागे स्वतंत्र डबी करा. तिच्यात प्रोग्रॅम चालवणारा एक ईएसपी३२ बोर्ड, स्पर्श ओळखणारी एमपीआर१२१ चिप, आवाज वाजवणारा डीएफप्लेअर मिनी आणि ३२ जीबीच्या आतलं मेमरी कार्ड. एक डबी बंद पडली तर तीन गोष्टी चालू राहतात. हे सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात पाहायला मिळेल, पण घेताना पाचवा संच जास्तीचा घ्या.

पीआयआर (उष्णतेवर चालणाऱ्या) सेन्सरनं माणूस ओळखण्याचा मोह टाळा. तो अंगाची उष्णता आणि परिसराची उष्णता यांतला फरक पाहतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी तो फरकच उरत नाही. रडार सेन्सर उलट टोकाचा, प्लायच्या पलीकडे चालणारा माणूस आणि फिरणारा पंखा दोन्ही त्याला दिसतात. हात ठेवणं ही स्पष्ट कृती आहे, ती चुकत नाही, आणि गोष्ट आपण सुरू केली हे माणसाला कळतं.

डीएफप्लेअरची जोडणी साधी आहे, पण चार ठिकाणी माणसं अडकतात. ईएसपी३२ कडून येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला नाही तर बोलण्यामागे सतत कुरकुर येते. फाइलना कार्डवरच्या ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये चार अंकी नावं द्या, नाहीतर प्लेअर त्या कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतो आणि तळ्याच्या चकतीवर हौद बोलायला लागतो. मॅकवरून कॉपी केलं असेल तर लपलेल्या फाइल पुसा. आणि वीज आल्यावर प्लेअरला दोन सेकंद द्या, त्याआधीचा आदेश तो ऐकतच नाही. आवाजाची पातळी ३० पैकी १८ ते २० पुरते.

प्रोग्रॅमचा गाभा एवढाच: स्पर्श १२० मिलिसेकंद टिकला तरच खरा माना, म्हणजे घासून गेलेली पिशवी किंवा पदर गोष्ट सुरू करणार नाही. हात ठेवल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत आवाज यायलाच हवा. उशीर झाला तर माणूस पुन्हा थापटतो, आणि मग जोरात. गोष्ट सुरू झाली की हात उचलला तरी ती पुरी होऊ द्या. डब्या एकमेकींशी ईएसपी-नाऊनं, म्हणजे बोर्डांमधल्या थेट बिनतारी संदेशांनी बोलतात, त्याला राउटर किंवा इंटरनेट लागत नाही. चौथा हात पडला आणि चारही स्पर्श दोन सेकंद टिकले की चालू गोष्टी अर्ध्या सेकंदात मंद करून पाचवी सुरू करा. चार प्लेअर अगदी एका क्षणी सुरू होत नाहीत, पण प्रत्येकाचा कान वेगळ्या कर्ण्याशी असल्याने ते जाणवत नाही.

चौथ्या हाताची गरज आहे हे पाटी न लावता कळावं म्हणून चकत्यांच्या वरून डब्ल्यूएस२८१२बी दिव्यांची पट्टी जाते, मीटरला ३० दिवे, एकूण ७२. एक हात पडला की त्या बाजूनं उजेड वाहू लागतो आणि पुढच्या चकतीपाशी थांबतो. शिकागोच्या क्राउन फाउंटनमध्ये, जाउमे प्लेन्सांच्या २००४ सालच्या कामात, पडद्यावरचे चेहरे तोंडातून पाणी सोडतात आणि मुलं न सांगता तिथे जमतात. आमंत्रण असं पाहताक्षणी कळायला हवं. दिव्यांना ७४एएचसीटी१२५ ही (बोर्डाचा कमी व्होल्टचा संदेश दिव्यांना लागेल तेवढा वाढवणारी) लेव्हल शिफ्टर चिप, डेटाच्या तारेत ४७० ओहमचा रेझिस्टर आणि वीज दोन्ही टोकांना द्या. नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात. तेजाची मर्यादा एक तृतीयांश ठेवा. देवडी अंधारी असते, तेवढा उजेड पुरतो.

वीज

दिवे सुमारे दीड अँपिअर, चारही डब्या जोरात असताना सव्वातीन. त्यासाठी ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज ५ व्होल्टवर आणणारा पुरवठा), अर्थिंगचं टर्मिनल असलेला. लोक धातूला हात लावणार आहेत, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घातल्याशिवाय चौकट एक मिनिटही सुरू करायची नाही. वाड्यातलं जुनं अर्थिंग नावापुरतंच असतं, परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या.

डब्यांना वीज नेणारी तार दीड चौरस मिलिमीटरची. अर्ध्या चौरस मिलिमीटरची पातळ तार तीन मीटर नेली तर शेवटच्या डबीला पाचाऐवजी सव्वाचारच व्होल्ट मिळतात, आणि गोष्टीत मोठा आवाज आला की ईएसपी३२ पुन्हा सुरू होतो. ‘गोष्ट मधेच तुटते’ अशी तक्रार आली तर प्रोग्रॅम उघडण्याआधी व्होल्ट मोजा. प्रत्येक डबीत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला.

स्पर्शाची संवेदनशीलता प्रत्यक्ष जागी, प्रत्यक्ष विजेवर ठरवा. घरी लॅपटॉपवर नीट चाललेली चकती इथे बहिरी किंवा अतिहळवी होते, कारण अर्थिंग बदललेलं असतं. चिपच्या नेहमीच्या आकड्यांपासून, म्हणजे स्पर्श ओळखायला १२ आणि हात उचललेला ओळखायला ६, सुरू करा, चकती हाताशिवाय सुरू होत असेल तर वाढवत न्या. स्पर्शाची तार दिव्यांच्या तारेजवळून नेऊ नका.

ओल

छपराखाली असलं तरी जुलैमध्ये देवडीची हवा ओली असते. डबी आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणाऱ्या) दर्जाची, केबल ग्लँड (तार आत नेणारी घट्ट बूच) खालच्या बाजूला, आणि तार आत शिरण्याआधी खाली वळसा घेऊन वर यावी, म्हणजे थेंब वळशावरून गळून पडेल. सांधे भरायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं करतं, बोर्डही खातं. डबीच्या तळाला २ मिलिमीटरचं भोक ठेवा, पूर्ण बंद डबीत साचलेला दमट वाफारा बाहेर जातच नाही.

चकतीवर पाण्याचा ओघळ राहिला तर चिपला तो हात वाटतो आणि गोष्ट थांबायचं नाव घेत नाही. म्हणून ६० सेकंदांहून लांब स्पर्श दिसला की चिप पुन्हा सुरू करायची ओळ प्रोग्रॅममध्ये घाला. वर ८ सेंटिमीटर पुढे आलेली पट्टी असली की ओघळच येत नाही.

रोजचं

वॉचमनला एकच बटण शिकवा: सकाळी सातला चालू, रात्री साडेनऊला बंद. लाउडस्पीकरची बंदी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत असते, आणि राहत्या वाड्यात त्याआधी थांबणं बरं. टायमर लावला तरी बटण ठेवा, घरात कुणाचं दुःख असेल तेव्हा चौकट गप्प करता आली पाहिजे.

दर सोमवारी ओल्या फडक्यानं कर्ण्यांची तोंडं पुसा, जाळीमागचा कचरा काढा, चारही चकत्या एकेक करून आणि मग दोघांनी मिळून तपासा. महिन्यातून एकदा पोत्यांतली वाळू सांडली नाही ना ते पाहा आणि आरसीसीबीचं चाचणी बटण दाबा. मेमरी कार्डची प्रत आणि पाचवा संच वाड्यातच, कुलपाच्या डब्यात, कुठली तार कुठे जाते त्याच्या हातानं काढलेल्या नकाशासकट ठेवा. डबी बिघडली तर जागेवर दुरुस्त करू नका. आख्खी बदला, जुनी टेबलावर नेऊन उघडा, आणि बदलल्यावर त्या चकतीची संवेदनशीलता पुन्हा ठरवा.